माहेरच्या मिठाला रॉकेलचा वास

मु. करंजखार, उरण महाल, जिल्हा कुलाबा
सोमवार, ता. २८ मे १९६२

श्री. रा. रा. धर्माजी हिरूजी घरत, भावोजी यांस,

काळूराम अंबाजी म्हात्रे याचा सप्रेम नमस्कार. इकडे आबा, लेकरे, बैलजोडी आणि मी असे सर्व खुशाल आहोत, आणि तुम्हीही खाडीपलीकडे खुशाल असाल असे धरून चालतो. (धरून चालतो असे लिहिले, कारण गेले तीन रविवार तुमचे तोंड कोणी पाहिलेले नाही. मोऱ्याच्या धक्क्याला लाँच लागली की मी उतरणारी माणसे मोजतो. मागच्या रविवारी एक हवालदार, दोन शेळ्या आणि बर्फाची पाटी उतरली, तुम्ही नाही.) तुमच्या पाठीचे दुखणे कसे आहे? मुंबईच्या त्या तेलाच्या कारखान्यात टाक्या धुण्याच्या खात्यात वाकून काम फार पडते असे मागे म्हणाला होता. आबा रोज तुमची चौकशी करतात, पण त्यांना हल्ली ऐकू येत नसल्यामुळे उत्तर दिले नाही तरी चालते.

पत्रास कारण की आमची बहीण, म्हणजे तुमची सौ. सत्यवती, आज बाविसावा दिवस आमच्या घरी आहे आणि तिच्यासोबत तुमच्या घरची लोणच्याची बरणीही आहे. बहीण माहेरी आली की भाऊ तिला आनंदाने चार दिवस ठेवून घेतो, नव्हे आठ दिवसही. पण बहीण भर उन्हात, एकटी, डोक्यावर बरणी घेऊन मिठागराच्या बांधावरून चालत येते, उंबऱ्याशी बरणी उतरवते, तांब्याभर पाणी पिते, "आता मी जानार न्हाय" एवढेच बोलते आणि फावडे घेऊन आमच्याबरोबर मीठ ओढायला लागते, तेव्हा भावाला काही सुचेनासे होते. गावाला मात्र पुष्कळ सुचते. बरणीत काय आहे याचे सात-आठ अंदाज आजपर्यंत माझ्या कानावर आले आहेत आणि त्यातला एकही लोणच्याचा नाही.

त्या दिवशी तुम्ही घरी हजर होता, तरी घडलेले सर्व पुन्हा लिहितो, कारण अशा वेळी पुरुषमाणसाचे लक्ष ताटात असते. (नावे ठेवत नाही, मीही तसाच.) आमच्या घराण्याची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. चैत्र तापला की मिठागरात जे जाड, पांढरे, दाताखाली कडकन फुटणारे मीठ पडते, त्यातली एक गोणी दिल्या घरी लेकीच्या लोणच्याला धाडायची. मिठागरवाल्याच्या लेकीने बाजारातले मीठ लोणच्याला घातले तर तिचे माहेर बुडाले असे समजतात. त्याप्रमाणे मी यंदाही गोणी धाडली. तुमच्या मातोश्री सोनूबाईंनी दोनशे कैऱ्या कापल्या, मसाला त्यांनी स्वतः कुटला, आणि मीठ भरण्याचे काम पहिल्यांदाच सुनेच्या हाती दिले. (लग्नाला सहा वर्षे झाल्यावर. तुमच्या मातोश्रींच्या लोणच्याची बरणी तीन गावांच्या लग्नांत मानाने फिरते, तेव्हा एवढी परीक्षा हवीच.) अक्षय्यतृतीयेला तुमच्या कैलासवासी वडिलांच्या नावाचे ताट वाढायचे म्हणून बरणी उघडली. सोनूबाईंनी एक फोड जिभेवर ठेवली आणि त्या उठून परसात गेल्या. परत आल्या त्या एकच बोलल्या, की लोणच्याला रॉकेल लागते आहे आणि सुनेने कैऱ्यांवर चिमणी लवंडली आहे. सत्यवती म्हणाली, मी लवंडली नाही. मग घरातल्या सगळ्यांनी एकेक फोड तोंडात घातली आणि एकेक करून परसात गेले.

तुम्ही तेवढे नाही गेलात, भावोजी. तुम्ही एक फोड खाल्ली, दुसरी मागून घेतली, खार बोटाने पुसून खाल्ला आणि "बेस झालाय" असे म्हणालात. हे मला तुमच्या शेजारच्या जनीने सांगितले तेव्हा, खोटे कशाला लिहू, माझे डोळे भरून आले. बायकोची मान खाली जाऊ नये म्हणून चेहऱ्यावरची सुरकुती न हलू देता रॉकेल पोटात घालणारा नवरा आमच्या बहिणीला मिळाला, हे तिचे भाग्य. मी ही गोष्ट मिठागरावर सर्वांना सांगितली आणि चार बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे निराळ्या नजरेने पाहिले. पण तुमच्या मातोश्रींना ते भलतेच लागले. लेक सुनेच्या बाजूने गेला, असा त्यांनी अर्थ घेतला. तुम्ही दुसऱ्या दिवशी पहाटेच्या लाँचने कामावर निघून गेलात, आणि मग ओटीवर बसून त्यांनी आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की या बाईने दोनशे कैऱ्या नासवल्या आणि माझा पोरगाही नासवला. त्यावर सत्यवतीने बरणी उचलली.

आता चूक कोणाची हे ठरवायला हवे, म्हणून मी चौकशी आरंभली. मी सातवी पास असल्यामुळे गावात अशी कामे माझ्याकडेच येतात. प्रथम संशय आला तो तुम्ही मुंबईहून आणलेल्या वस्तूंवर. भावोजी, रागावू नका, पण तुम्ही कारखान्यात लागल्यापासून आमच्या दोन्ही घरांत किती काय आले आहे याची मी यादी करू लागलो आणि अर्ध्यावर थांबलो. प्लास्टिकची लाल बादली, प्लास्टिकचा कंगवा, सत्यवतीचे नायलॉनचे पातळ, आबांच्या अंथरुणाखाली घालायचे मेणकापड, देवापुढची न सुकणारी फुले, लेकरांच्या हिरव्या बांगड्या. मागे तुम्हीच समजावून सांगितले होते की हे सगळे जमिनीतून काढलेल्या त्याच काळ्या तेलातून निघते. तेव्हा मी मान डोलावली होती, पण विश्वास ठेवला नव्हता. ज्या तेलाने चिमणी जळते त्याच तेलाचे पातळ कसे होईल? मग चौकशीसाठी मी बादलीत रात्रभर पाणी ठेवून सकाळी प्यालो. वास नव्हता. कंगवा चाटून पाहिला. (तो वास निराळा, आमच्या घरातल्या डोक्यांचा.) नायलॉनचे पातळ हुंगायला मागितले तेव्हा सत्यवतीने माझ्याकडे असे पाहिले की ती तपासणी तेथेच संपली. न सुकणारी फुले निर्दोष निघाली, फक्त त्यांच्यावर एवढी धूळ होती की देवाने ती आजवर कशी सहन केली कोण जाणे.

तेव्हा प्लास्टिक सुटले आणि संशय मिठावर आला. मी गोणीतले उरलेले मीठ आबांपुढे ठेवले. आबांना ऐकू येत नाही, दिसतेही अर्धवट, पण ऐंशी वर्षांची त्यांची जीभ अजून शाबूत आहे. पूर्वी ते एक खडा तोंडात टाकून सांगत की हे मीठ कोणत्या वाफ्यातले आणि त्या दिवशी वारा कुठला होता. त्यांनी खडा जिभेवर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग हातावर काढून घेतला आणि लुगड्याच्या चिंधीत बांधून उशाशी ठेवून दिला. दिवसभर जेवले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर मी मिठागर नीट पाहिले. वाफ्यांच्या पाण्यावर, ऊन तिरपे झाले की, मोराच्या पिसासारखे रंग दिसतात. पोरे त्याला इंद्रधनुष्य म्हणून बघायला येत. मिठागराच्या तोंडाशी असलेल्या खळग्यात पिढ्यानपिढ्या चिंबोऱ्या असत, त्या यंदा पोट वर करून पडल्या. तळ्यातला जिताडा आम्ही पाहुण्यांसाठी राखतो. चैत्रात मी एक काढला, ठमाबाईने (म्हणजे आमच्या मंडळींनी) तो तव्यावर टाकला आणि सबंध आळीने विचारले की तुमच्याकडे स्टोव्ह कधी आणला. पांढरे बगळे पलीकडच्या खारीत उतरू लागले आहेत. बगळ्याला कोणी काही सांगत नाही, तरी त्याला कळते.

हे तेल आले कोठून, तर दर्यातून. गेल्या नारळी पौर्णिमेला आम्ही रिवाजाप्रमाणे नारळ वाहिला आणि चौथ्या दिवशी पुळणीवर काळे गोळे येऊन पडले, काही सुपारीएवढे, काही थेट नारळाएवढे. जुन्या माणसांना वाटले, दर्याने नारळ परत केला. हात लावला तर चिकट, नाकाशी नेला तर डांबर. कुठल्यातरी जहाजाने रात्रीतून आपले पोट धुऊन समुद्रात सोडले असावे, असे लाँचवरचा तांडेल म्हणाला. त्या जहाजाचे नाव कोणाला ठाऊक नाही आणि ते आता कोठल्या देशी असेल, देव जाणे. पण फुकट आलेले डांबर कोण सोडतो? सारा गाव टोपल्या घेऊन धावला. बाळाजीने होडीच्या फटी भरल्या. आवडाबाईने पावसाळ्यात गळणारे कौल बुजवले आणि उन्हाळ्यात ते कौल तिच्या केसांत ठिबकले. भिकूने बैलाच्या खुराला लावून पाहिले (बैलाने भिकूला काय केले ते तुम्ही ऐकले असेलच). मीही सात टोपल्या गोळा केल्या होत्या, त्याविषयी पुढे केव्हातरी. सांगायचे एवढेच, की दोष त्या जहाजाचा आहे. मिठाचा नाही, माहेरचा नाही आणि सत्यवतीच्या हाताचा तर मुळीच नाही.

सत्यवतीविषयी लिहायचे तर ती बरी आहे. पहाटे मिठागरावर येते, दोन माणसांचे मीठ ओढते, दुपारी भाकरी खाते, संध्याकाळी पुन्हा ओढते. रडत नाही, तुमच्या घराविषयी वावगा शब्द बोलत नाही. तुमच्या मातोश्रींचे नाव निघाले की उठून पाणी प्यायला जाते. हे पाणी पिणे एवढे वाढले आहे की मला तिच्या प्रकृतीची काळजी वाटते. बरणी तिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली आहे आणि टाकू देत नाही. मांजर घर सोडून गेले. परवा लाकडे ओली होती म्हणून ठमाबाईने चुलीत लोणच्याची एक फोड टाकून पाहिली. चूल पेटली. (हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ठमाबाई आता अधूनमधून, एखादी फोड मिळेल का, असे सत्यवतीला विचारते, आणि सत्यवती तिच्याकडेही पाणी प्यायच्या नजरेनेच पाहते.)

तरी तुम्ही येत्या रविवारी अवश्य यावे, मातोश्रींना जहाजाची सर्व हकीगत समजावून सांगावी आणि आपल्या माणसाला आपल्या घरी न्यावे. तुम्ही आई आणि बायको यांच्या मध्ये उभे राहायला भीत आहात, हे मी जाणतो. मीही रोज एका ठमाबाईसमोर उभा असतो. पण खाडीच्या पलीकडे लपून राहिल्याने भांडण मिटत नाही. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घाला. तुमच्या येण्याकडे आम्हा सर्वांचे डोळे लागले आहेत.

तुमचा मेहुणा,
काळूराम

ता. क. : येताना मोठे प्लास्टिकचे कापड मिळाल्यास आणावे. वर जे काही लिहिले आहे त्यावरून गैरसमज नसावा. पाऊस आठ-दहा दिवसांवर आला आणि मिठाची रास झाकायला पेंढा पुरणार नाही. मागचे कापड वाऱ्याने उडाले, ते खाडीकाठच्या तिवरांत अडकून अजून फडफडते आहे. आम्ही काढायला गेलो नाही कारण तिथे चिखल फार. एक शेळी मात्र गेली होती आणि तिने त्याचा कोपरा खाल्ला. शेळी दोन दिवस उभीच होती. आणि लाल बादलीची कडी तुटली आहे, दुसरी आणल्यास निळी आणावी.

पुन्हा ता. क., बुधवार : पत्र अजून टाकलेले नाही. सोमवारी टपालवाला येऊन गेला, मी ते त्याला दिले नाही. वर जहाजाविषयी लिहिले ते खरे आहे पण अर्धेच. उरलेले लिहितो.

आमच्या मिठागराला खाडीचे पाणी आत घ्यायला लाकडी दार आहे, त्याला आम्ही उघाडी म्हणतो, हे तुम्ही जाणताच. तिच्या फळ्यांच्या फटी प्रत्येक उधाणाला चिखल आणि पेंढा कालवून बुजवायच्या, ही आमच्याकडची जुनी रीत. आबांनी पंचावन्न वर्षे दर अमावास्येला आणि पौर्णिमेला कमरभर पाण्यात उभे राहून हा चिखल चोपला. त्यांचे गुडघे त्यातच गेले. मी ठरवले की ही कटकट एकदाच कायमची मिटवायची. ते सात टोपल्या डांबर मी कढईत पातळ केले आणि कार्तिकात उघाडीला, पन्हळीला, आतल्या फळ्यांना दोन दोन बोटे थापले. सबंध थंडीत थेंब गळला नाही. मिठागरावरच्या मंडळींनी मला नारळ दिला. मी तो घेतला. आबांना खांद्यावर बसवून दाखवायला नेले, तेव्हा त्यांनी उघाडीवरून हात फिरवला आणि चिखलासाठी खाली वाकले. मी त्यांच्या कानात ओरडलो की आता चिखल लागणार नाही. मला वाटले होते ते खूश होतील.

चैत्राचे ऊन पडल्यावर काय झाले ते मला यंदाच्या वैशाखापर्यंत दिसले नाही, किंवा दिसून मी पाहिले नाही. काल दुपारी सत्यवती आणि मी उघाडीशी होतो. फळ्यांतून काळा घाम पाझरत होता आणि त्याचा एक एक थेंब पाण्यावर पसरून रंग धरत होता. जहाजाने आणले हे खरे, पण दर्याने ते बाहेर टाकले होते. उचलून आमच्या मिठात मी घातले. सत्यवतीने बोट लावून हुंगले. मी काही बोलण्याआधी तीच बोलली.

"दादा, मना त्याच दिवशी समजला व्हता. गोनी सोरली तवाच वास आला. पन माहेरचा मीठ परत कसा धारू? सासू बोलली आसती, भावानी बयनीला कचरा धारला. त्यापरीस माजे हातानी बिघरला, आसाच समजू दे."

म्हणजे तिने ते जाणून घातले होते. माझ्या मिठाला बोल लागू नये म्हणून दोनशे कैऱ्यांचे पाप तिने स्वतःच्या हातावर घेतले, आणि मी तेवीस दिवस गावभर जहाजाला शिव्या देत हिंडत होतो. भावोजी, मला फार लाज वाटली. अजून वाटते आहे. बांधावर बसून मी लहान पोरासारखा रडलो आणि ती मीठ ओढायला निघून गेली, कारण ऊन उतरत होते.

कालपासून मिठागरावरचा अनंता आणि मी उघाडी खरवडतो आहोत. डांबर लावायला एक दिवस लागला, काढायला किती लागतील सांगता येत नाही. निघालेले पत्र्याच्या डब्यांत भरले आहे. ते टाकायचे कोठे हा प्रश्न आहे. ठमाबाई म्हणाली, दर्यात. मी नको म्हणालो. तीन डबे तूर्त ओटीखाली आहेत. मिठाची उरलेली रास बर्फाच्या कारखान्यातला माणूस घेऊन जातो म्हणाला, त्याला वास सांगूनच देणार आहे. आबांनी आज पुन्हा चिखल कालवायला मागितला. कालवून दिला.

आणखी ता. क., शनिवार : शुक्रवारी सकाळी मी तुमच्या घरी गेलो होतो. अंगणात उभे राहून, आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, तुमच्या मातोश्रींना सर्व सांगितले: डांबर माझे, उघाडी माझी, मीठ माझे, सुनेचा दोष नाही. त्यांनी मला उन्हात बराच वेळ उभे ठेवले. मग पाणी दिले. मग म्हणाल्या, "काळूराम, येवरा बोलायला सव्वीस दिस लागलं?" मी हो म्हणालो. त्यांनी नव्या कैऱ्या उतरवून ठेवल्या होत्या. सुनेला सांग, म्हणाल्या, मीठ तीच भरेल, बाजारातले का होईना. मी जवळजवळ धावत घरी आलो.

आणि भावोजी, सत्यवती तरीही येत नाही म्हणते.

मी समजावले, ठमाबाईने समजावले, शेवटी मी हे पत्र पहिल्या ओळीपासून तिला वाचून दाखवले, म्हणजे तुमच्याविषयी मी किती चांगले लिहिले आहे ते तिला कळावे. तुम्ही दुसरी फोड मागून खाल्ल्याचे आले तेथे तिने मला थांबवले. म्हणाली, त्यांनी माझ्यासाठी नाही खाल्ले. त्यांना वास येतच नाही. दिवाळीपासून येत नाही. चुलीवर सुके बोंबील जळून कोळसा झाले, ते शेजारी बसून विडी ओढत होते. मोगरा माळला तरी कळत नाही. आईला सांगू नको म्हणाले, कारखान्यात कळले तर काढून टाकतील म्हणाले, म्हणून तिने कोणाला सांगितले नाही. त्या दिवशी ताटावर तुम्ही बेस झालाय म्हणालात, तेव्हा बाकी सगळे तिच्यावर रागावलेले होते, पण ती फक्त तुमच्याकडे पाहत होती. ती सासूवर रुसून आलेली नाही. ती येथे राहिली तर तुम्हाला रजा टाकून तिला न्यायला यावेच लागेल, आणि आलात की ती तुम्हाला पनवेलच्या डॉक्टरकडे नेईल, आणि टाक्या धुण्याचे खाते सोडल्याशिवाय परत लाँचमध्ये बसू देणार नाही. एवढाच तिचा बेत होता, आणि सत्ताविसाच्या सत्तावीस दिवस तिने तो एकटीने सांभाळला. तिला वाटले होते तुम्ही पहिल्याच रविवारी याल.

मी विचारले, आता काय लिहू. ती म्हणाली, "त्यांना इचार, माजे हातचा कालवन आनि राकेल, दोनी येकच लागतंय काय."

जसे बोलली तसे लिहिले आहे. याचे उत्तर मला पत्राने पाठवू नका.